तात्यांच्या विहिरीचा एक ग्लास

आमच्या धंद्यात माणसाची ओळख सिंकखालच्या कपाटापासून होते. दिवाणखान्यात संगमरवर का असेना, सिंकखाली कांद्याची जाळी, कान तुटलेला मग आणि साठवलेल्या पिशव्यांची एक पिशवी हमखास निघते. त्या सगळ्यामागे भिंतीत नळाचं कनेक्शन असतं, आणि तिथे डोकं घातल्याशिवाय पाण्याचं मशीन बसत नाही. मी चोवीस वर्षं तिथे डोकं घालून काढली. भोसरीची कंपनी बंद पडल्यावर फिल्टरच्या डीलरकडे लागलो, तेव्हा बायको म्हणाली होती, "लोकांना पाणी पाजायचं काम आहे, पुण्य लागेल." किती लागलं ते पुढे येईलच. आता गुडघे वाकत नाहीत, सिंकखाली जाणं बंद झालं, म्हणून लिहायला बसलोय.

आधी मशीन काय असतं ते सांगतो, कारण ज्यांच्या घरी ते दहा वर्षं भिंतीवर आहे त्यांनाही ते ठाऊक नसतं. आरओ म्हणजे शेवटी एक गाळणीच. आत मेम्ब्रेन नावाची गुंडाळी असते, तिच्यातून पंपाने पाणी दाबून काढायचं. पाण्यातले क्षार मागे राहतात आणि ते खारट पाणी एका बारीक नळीने सिंकमध्ये जातं. एक ग्लास प्यायला मिळतो तेव्हा दोन-तीन ग्लास गटारात जातात. मेम्ब्रेनच्या आधी गाळ अडवायला एक कांडी आणि वास मारायला कोळशाची एक कांडी, शेवटी जंतू मारायला यूव्हीचा दिवा. झालं मशीन. पेटीच्या समोर तो जो सुंदर निळा उजेड दिसतो, तो पुष्कळदा शोभेचा असतो. आतला खरा दिवा वर्षभरापूर्वी गेलेला असला तरी बाहेरचा निळा उजेड इमानेइतबारे चालू राहतो, आणि तो बघून घरातले लोक निश्चिंत होऊन पाणी पितात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्या पाण्यात मुळात क्षार कमी आहेत, त्याला आरओ लागतच नाही. पिंपळे गुरवला माझ्या घरच्या नळाला पवना नदीचं पाणी येतं. त्यात टीडीएसचं मीटर बुडवलं, म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळलेत ते सांगणारी ती पेनाएवढी कांडी, तर आकडा शंभरच्या आत राहतो. त्या पाण्याला गाळाची कांडी, कोळसा आणि यूव्ही एवढं पुरे. माझ्या स्वयंपाकघरात मी तेवढंच बसवलं होतं. आणि रोज सकाळी तेच पाणी पिऊन, बॅग खांद्याला लावून, त्याच नळाच्या पाण्याला घाबरलेल्या माणसांना आरओ विकायला जात होतो.

या मीटरने लोकांना अगदी वेडं केलं. वाकडच्या एका टॉवरमध्ये एक आयटीवाले साहेब होते. सोसायटीला टँकरचं पाणी, त्यामुळे त्यांना आरओ खरंच लागत होता; पण त्यांचं दुखणं वेगळं होतं. "काका, बी विंगमध्ये सगळ्यांचा टीडीएस पंधरा आहे," ते म्हणाले. "आमचा चाळीस का?" आयुष्यभर जास्त मार्कांच्या मागे पळालेली माणसं इथे कमी मार्कांसाठी जीव टाकत होती. त्यांनी आकड्यांचा तक्ता करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. मी पेटीतला एक छोटा स्क्रू घट्ट केला. त्या स्क्रूने थोडं मूळ पाणी शुद्ध पाण्यात मिसळत असतं. ते बंद केलं की आकडा उतरतो. बारा आला. साहेबांनी लगेच मीटरचा फोटो काढला.

दोन महिन्यांनी फोन आला, पाण्याला चव नाही, आई पीत नाही. जाऊन बघतो तर साहेबांनी ऑनलाइन एक बाटली मागवली होती आणि ड्रॉपरने प्रत्येक ग्लासात खनिजांचे थेंब टाकत होते.

मी म्हटलं, "साहेब, हे जे वरून टाकताय, तेच आपलं मशीन तिकडून गटारात सोडतंय."

"नाही काका," ते गंभीरपणे म्हणाले, "हे प्युअर मिनरल्स आहेत."

ते मीटिंगला आतल्या खोलीत गेल्यावर मी यूव्हीचा दिवा नीट चालतोय ना ते तपासलं आणि आईंच्या देखत तो स्क्रू पुन्हा सैल केला. आईंनी ग्लासभर पाणी पिऊन मान डोलावली. "त्याला सांगू नका हं," त्या म्हणाल्या, आणि मीटर उचलून तूरडाळीच्या डब्यात खुपसलं. ते मीटर अजून सापडलं नसावं, कारण साहेबांची पुन्हा तक्रार आली नाही.

आमच्याच पिंपळे गुरवच्या एका वहिनींनी खंडेनवमीला मशीनची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं रीतसर. मग झाकण उघडून टाकीत चमचाभर गंगाजलही सोडलं. "आरओचं शुद्ध, वर गंगाजल. म्हणजे दोन्हीकडून काळजी नाही," असं त्यांनी मला चार दिवसांनी समजावून सांगितलं, पाण्याला वास का येतोय हे विचारायला बोलावल्यावर. हारातली अर्धी फुलं टाकीत कुजत होती. मी टाकी धुतली, पाकळ्या वेचल्या आणि झाकणाला कुलूप लावता येईल का, याचा विचार करत घरी आलो.

अशा माणसांना हसणं सोपं आहे. पण त्यांना हे वेड आम्हीच लावलं, आणि ते कसं लावलं हेही सांगायला हवं. आमच्याकडे एक हत्यार होतं, सळयांचा खेळ. एका छोट्या प्लास्टिकच्या डबीला चार सळया आणि एक प्लग. एका ग्लासात गिऱ्हाइकाच्या नळाचं पाणी घ्यायचं, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत सळया बुडवून बटण दाबायचं. मिनिटाभरात नळाचं पाणी पिवळं होतं, मग तपकिरी, मग हिरवट काळं, आणि वर फेस जमतो. आरओचं पाणी तसंच राहतं, स्वच्छ. "बघा, हे रोज तुमच्या पोटात जातं," एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. ऑर्डर होते.

त्यातली मेख अशी, की प्रत्येक ग्लासातल्या दोन सळयांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, आणि वीज वाहिली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं. ग्लासात दिसतो तो गंज, सळईचा. पाण्याचा त्यात काही दोष नाही. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून सळई झिजत नाही. इतकं सरळ. डीलरच्या ट्रेनिंगमध्ये हे आम्हाला सांगितलं गेलं नव्हतं, पण कंपनीत लेथवर पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला गंज ओळखता येतो. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी खेळ चालू ठेवला.

चऱ्होलीच्या बाळासाहेबांनी मला बोलावलं ते या खेळासाठीच. जुनं शेतकरी घराणं, आता जमिनीवर इमारती चढत होत्या. स्वतःचा तीन मजली बंगला झाला होता आणि शेजारच्या तुकड्यावर बिल्डरची स्कीम येत होती. स्कीमचं गेट जिथून निघायचं, तिथे मधोमध घरची विहीर होती. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, एकटे वडील अडून बसले होते. त्यांना सगळे तात्या म्हणत.

बाळासाहेब मला गाडीतच सगळं सांगून मोकळे झाले. "आई गेल्या वर्षी गेली, तवापासून म्हातारा हिरीपाशीच बसून असतो. म्हनतो, पानी पिन्याजोगं न्हाई असं कुनी डोळ्यांनी दावलं, तर बुजवा. तुमी तेवढा तो सळयांचा खेळ दावा, राव. घराला तीन मशिनी घेतो."

म्हणजे त्या विहिरीचं राहणं-जाणं माझ्या डबीवर आहे, हे तिथे पोचायच्या आधीच मला पक्कं माहीत होतं. नंतर 'मला कुठे कल्पना होती' असं म्हणायची सोय नाही.

तात्या विहिरीच्या काठाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. अंगात बंडी, डोक्याला टोपी. मोटरीचं पाणी झाडांना आणि प्यायचं मात्र शेंदून, असा त्यांचा नेम होता. मला बघून उठले, स्वतः पोहरा सोडला, स्वतः ओढला आणि ग्लास भरून माझ्या हातात दिला.

"आदी तू पी," म्हणाले. "मग तपास."

पाणी गार होतं. जिभेवर किंचित जड, पण गोड. मी ग्लास संपवला.

इथे एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझे वडील मराठवाड्यातल्या ज्या गावातून कंपनीत कामाला आले, तिथे पाटलाच्या विहिरीला आमच्या लोकांनी हात लावायचा नव्हता. वरून कुणीतरी ओतेल तेव्हा ओंजळीत घ्यायचं. वडील ते कधी चिडून सांगत नसत, त्यामुळे मला ते जास्त लागायचं. आणि इथे एवढ्या जमिनीचा मालक, माझं आडनावही न विचारता, मला पोहरा ओढून पाणी पाजत होता. मला बरं वाटायला हवं होतं. पण मनात आलं ते असं, की आज यांच्या विहिरीचा निकाल मी देणार. फार गोड वाटलं ते. तात्यांनी माझं काहीही वाकडं केलेलं नव्हतं.

मीटर बुडवलं, चारशे तीस आलं. खुशाल प्यावं असं पाणी. मीटर जंतूंबद्दल काही सांगत नाही, म्हणून एक बाटली लॅबला पाठवावी आणि तोवर उकळून प्यावं, एवढं सांगून मी निघायला हवं होतं. त्याऐवजी बॅगेतून डबी काढली. सूनबाई, म्हणजे बाळासाहेबांची बायको सुरेखाताई, घरातून वायर घेऊन आल्या. आरओच्या पाण्याची बाटली मी बरोबर आणलीच होती. बटण दाबलं.

विहिरीचं पाणी झक्कास काळं झालं. नळाच्या पाण्यापेक्षा लवकर झालं, क्षार जास्त ना. सुरेखाताईंनी तोंडाला पदर लावला. बाळासाहेब म्हणाले, "बगा आता." तात्या खुर्चीतून ग्लासाकडे पुढे वाकले.

"हे रोज पोटात जातंय?" त्यांनी विचारलं.

"हो तात्या. हळूहळू किडनीवर येतं."

हे आमचं ठरलेलं वाक्य होतं. मी ते इतक्या घरांत म्हटलं होतं, की बोलताना त्याचा अर्थही मनात येत नसे.

"किडनीवर?"

"किडनीवर."

"नक्की किडनीवर?"

"नक्की," मी म्हटलं, आणि वायर गुंडाळायला लागलो.

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली, आणि उठून घरात गेले. बाळासाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आठ दिवसांनी तीन मशिनी बसवायला गेलो, तेव्हा राडारोडा भरलेला डंपर विहिरीत रिकामा होत होता. तात्या बाहेर आले नाहीत. मीही त्यांना भेटायला आत गेलो नाही.

दीड वर्षाने तिथून सर्व्हिसचा फोन आला. मशीन थेंब थेंब पाणी देतंय. तोवर गेट झालं होतं, त्यावर सोनेरी अक्षरांत नदीकाठच्या कसल्याशा हिरवळीचं इंग्रजी नाव होतं, आणि घरात बोअर आणि टँकर असं मिसळून पाणी येत होतं. मीटर बुडवलं तर अकराशे. चारशे तीसची विहीर बुजवून अकराशेचं पाणी विकत घेतलं होतं, आणि त्यातले तीन भाग गटारात सोडून उरलेला एक भाग पीत होते. बाळासाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "असूं दे की. मशीन कशाला घेतलंय मग?" मशीन मीच विकलं होतं, म्हणून मी बॅगेतून पाना काढला.

मी सिंकखाली डोकं घालून पाइप सोडवत होतो. सुरेखाताई ओट्याशी भाजी निवडत होत्या. माणूस सिंकखाली असला की बायका त्याच्याशी मोकळं बोलतात. तोंड दिसत नाही म्हणून असेल. तात्यांची तब्येत कशी आहे, एवढंच मी विचारलं होतं.

"कसली तब्येत हो," त्या म्हणाल्या. "जेवण तुटलंय. सासूबाईंचा फोटो स्वतःच्या खोलीतनं काढायला लावला. म्हणतात, मला तिच्याकडं बघवत न्हाई. शेवटचं वरीसभर त्यांचं डायलिसिस चाललेलं ना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वीस वर्षांच्या साखरेनं झालंय म्हणून. पण तुम्ही तो ग्लास दाखवून गेलात, तवापासून तात्यांच्या डोक्यात एकच. पन्नास वर्षं मीच तिला त्या हिरीचं पाजलं. मीच मारलं."

मी सिंकखालीच राहिलो. पाइप सुटला होता, पाणी बाहीतून कोपरापर्यंत आलं होतं, तरी बाहेर यावंसं वाटेना. त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता, त्या मला सहज सांगत होत्या. माझं खोटं त्यांनाही खरंच वाटलेलं होतं. आजवर मी किती घरांत 'किडनीवर' म्हटलं असेल, आणि त्यातल्या किती घरांत त्या वेळी किडनीचा पेशंट असेल, हे पहिल्यांदा मनात आलं.

मशीन जोडलं. मग दोन ग्लास आरओचं पाणी घेतलं, ओट्यावरची मिठाची बरणी घेतली, बॅगेतली डबी घेतली आणि तात्यांच्या खोलीत गेलो. ते कॉटवर बसले होते, निम्मे झाले होते. डबी बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"तात्या, एकदाच बघा," मी म्हटलं. "हे दोन्ही ग्लास मशीनचेच आहेत."

एका ग्लासात त्यांच्या समोर चिमूटभर मीठ टाकलं. सळया बुडवल्या, बटण दाबलं. नुसत्या पाण्याला काही झालं नाही. मिठाचं पाणी बघता बघता काळं झालं, त्या दिवशीच्या विहिरीच्या पाण्याहून काळं.

"मीठच टाकलंस न्हवं?" तात्यांनी विचारलं.

"मीठच. तुमच्याच घरातलं. पाणी घाण नसतं तात्या, ही सळई लोखंडाची आहे. ती झिजते. हा गंज आहे."

"आनि त्या दिशी?"

"त्या दिवशीही गंजच होता. मला माहीत होतं."

मी माराची वाट बघत होतो. शिव्यांची तरी. कोपऱ्यात काठी होती आणि उचलली असती तर मी हललो नसतो. तात्यांनी ग्लासाकडे बोट दाखवलं.

"मंजी हीर चांगली व्हती."

"जंतूंची तपासणी मी केली नाही, ते खोटं सांगत नाही. पण पाणी गोडं होतं. मी स्वतः ग्लासभर प्यायलो होतो."

"आनि ती?"

"त्यांना साखर होती, तात्या. डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं."

"डाक्तर नुसतं बोलला रं," तात्या म्हणाले. "तू डोळ्यांम्होरं दावलं व्हतंस."

दारात बाळासाहेब येऊन उभे राहिले होते. "काय चाललंय, तात्या?" त्यांनी विचारलं. त्यांनी किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. तात्यांनी हाताने त्यांना जा म्हणून खुणावलं आणि ते गेले.

तात्यांनी माझा हात मनगटाला धरला.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत पहिल्यापासून सुरुवात केली. विहिरीचं पाणी चारशे तीस होतं, चांगलं होतं, सळई लोखंडाची—

"हिरीचं नगं," तात्या म्हणाले. "तिचं सांग."

"तुमच्या पाण्याने त्या गेल्या नाहीत, तात्या."

"आनिक एकदा."

मी आणखी एकदा सांगितलं.